पाणाड्याचे चारपैकी तीन बोअर लागले, मग शंका कशाची घ्यायची?

तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. जालना जिल्ह्यात तुमची मोसंबीची बाग आहे. मार्चातच विहिरीने तळ गाठलाय आणि वडील यंदा बोअर घ्यायचाच म्हणतायत. गावात एक पाणाड्या, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याची जागा दाखवणारा माणूस, आहे. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो शेतातून चालतो आणि नारळ उभा राहिला की तिथे खूण करतो. भावकीत त्याने दाखवलेल्या चार जागांपैकी तीन ठिकाणी पाणी लागलं. तुम्ही बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि तुम्हाला हे थोतांड वाटतं. त्यावर धाकटा भाऊ म्हणाला, "तपासून न बघता थोतांड म्हणणं ही पण अंधश्रद्धाच झाली की." आणि तुम्ही विचारलंय, विज्ञानात शंका घ्यायला शिकवतात ती नेमकी कुठवर घ्यायची?

भूजल शोधणं हा माझा पेशा आहे, तोही मराठवाडा आणि नगरच्या पट्ट्यात. त्यामुळे पाणाडे मला नवे नाहीत. बहुतेक शेतांत माझ्या आधी कोणीतरी चुन्याची फुली मारून गेलेलं असतं, आणि घरातले वडीलधारे माझी जागा त्या फुलीशी जुळते का हे आडून आडून बघत असतात.

तुमच्या भावाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. न तपासता नाकारणं म्हणजे शंका नव्हे, तो नुसता शेरा. पण "कोणीच तपासलेलं नाही" असं तो गृहीत धरतोय ते खरं नाही. बऱ्याच लोकांनी बऱ्यापैकी कडक तपासलंय, त्याकडे येतोच. त्याआधी खरा प्रश्न कोणता ते ठरवू. नारळ की मशीन, श्रद्धा की विज्ञान, असा तो नाही. "तीन लागले" हे कशाच्या तुलनेत, हा आहे. नारळ नसता तर किती लागले असते? घरातल्या भांडणात हा प्रश्न कोणीच विचारलेला दिसत नाही, आणि माझ्या मते शंका तिथून सुरू व्हायला हवी.

यासाठी पायाखालचा दगड थोडा समजून घ्या. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग बेसॉल्टचा आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक बसलेले थर. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट काळा पाषाण, वरचा भाग सच्छिद्र, ज्याला आपल्याकडे मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मध्ये कधी कधी तांबड्या गेरूचा पट्टा असतो. पाणी साठतं ते वरच्या मुरमात, मांजऱ्यात आणि पाषाणाच्या भेगांमध्ये. तुमच्या विहिरीने तळ गाठलाय ना? मग कडेला उभं राहून भिंतीकडे नीट बघा, हे सगळं तिथे दिसेल. वर माती, खाली मुरूम, मग दगड. दगडात एखादी आडवी ओळ ओलसर, शेवाळलेली असेल, तिथून पाझर येतो. ती ओळ शेजारच्या विहिरीतही साधारण त्याच पातळीला सापडण्याची शक्यता चांगली, कारण हे थर बहुतांशी आडवे पसरलेले आहेत.

याचा अर्थ असा की पाणाडे म्हणतात तसे जमिनीखाली नळासारखे झरे वाहत नाहीत. "इथून अडीच इंचाचा झरा आडवा गेलाय" हे वाक्य मी फार ऐकलंय. आपल्या खडकात पाणी चादरीसारखं पसरलेलं असतं, कुठे जाड, कुठे विरलेलं, कुठे फाटलेलं. ज्या पट्ट्यात मांजऱ्या जाड आणि भेगा भरपूर, तिथे कुठेही बोअर मारला तरी थोडंफार पाणी लागतं. ज्या टेकाडावर वरपासून पाषाण आहे तिथे नारळ उभा राहो की नाचो, धूळच उडणार.

आता आकडेमोड करू. समजा तुमच्या शिवारात कोणीही, कुठेही बोअर घेतला तर दहातले सात लागतात. हा आकडा मी उदाहरणासाठी धरलाय, तुमच्या शिवाराचा खरा आकडा तुम्हालाच काढावा लागेल. अशा ठिकाणी डोळे मिटून जागा निवडणाऱ्या माणसाचेही चारपैकी तीन किंवा चारही बोअर लागण्याची शक्यता ६५ टक्के निघते. दहातले पाचच लागतात असं धरलं तरी ती ३१ टक्के आहे. म्हणजे तालुक्यात शंभर पाणाडे असतील आणि त्यांच्यापैकी कोणालाही काहीही कळत नसेल, तरी तीसेक जण तुमच्या पाणाड्याइतके यशस्वी ठरतील. बाकीच्यांना लोक बोलवायचे बंद होतात, त्यामुळे तुमच्या कानावर नाव येतं ते या तीसांपैकी एकाचं. आषाढात पाऊस येईल असं सांगणाऱ्याचं भाकीत खरं ठरतंच, पण म्हणून त्याला हवामान कळतं असं आपण म्हणत नाही.

ध्यानात घ्या, यातून पाणाड्या खोटा ठरत नाही. चार बोअरवरून त्याला काही कळतं की नाही हे ठरवताच येत नाही, एवढंच ठरतं. पुरावा मुळातच अपुरा आहे. तुमच्या वडिलांसाठी तो अपुरा, तसाच तुमच्यासाठीही.

"लागलं" म्हणजे काय हेही एकदा विचारा. तीन बोअरच्या पाण्याची धार किती इंचांची? मोजली केव्हा, बोअर मारणारी गाडी उभी असताना की मेमध्ये? दिवाळीच्या आसपास घेतलेला बोअर पहिल्या दिवशी दोन इंच दाखवतो आणि एप्रिलात दहा मिनिटं चालून गुळण्या टाकायला लागतो, असं सर्रास होतं. गावाच्या आठवणीत मात्र तो "लागलेला" बोअर म्हणूनच राहतो. आणि चौथा, जो कोरडा गेला? त्याचं कारण काय सांगितलं गेलं? माझ्या कानावर नेहमी येणारी कारणं अशी: गाडी खुणेपासून दोन फूट सरकली, अजून वीस फूट खाली जायला हवं होतं, जागा दाखवली तेव्हा शेतात नको ते माणूस होतं. यातलं शेवटचं कारण घरातल्या बायकांच्या माथी मारलं जातं, आणि त्याचा मला मनापासून राग आहे. पण रागापलीकडे एक तर्काची गोष्ट आहे. पाणी लागलं तर नारळाचं यश आणि नाही लागलं तर दुसऱ्याची चूक, अशी मांडणी असेल तर कुठलाही निकाल त्या दाव्याला हात लावू शकत नाही. जो दावा कधी चुकूच शकत नाही, त्याच्यासाठी चाचणी उरतच नाही.

मग खरा आकडा कुठून मिळवायचा? पाणाड्याकडून नाही, माझ्याकडूनही नाही. बोअरच्या गाडीवाल्याकडून. त्याला जागा कोणी दाखवली याच्याशी देणंघेणं नसतं, त्याचा हिशोब फुटावर. त्याच्या वहीत लागलेले आणि कोरडे, दोन्ही बोअर असतात, कारण पैसे दोन्हींचे घ्यायचे असतात. किती फुटावर केसिंग (बोअरच्या वरच्या भागातला पाइप) थांबवलं, किती फुटावर पाणी दिसलं, एकूण किती खोल गेले, हे बऱ्याच वह्यांमध्ये असतं. तुमच्या गावातल्या गेल्या दोन-तीन वर्षांच्या नोंदी काढा. सोबत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या तालुक्यातल्या निरीक्षण विहिरींची पातळी बघा. ती ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चार वेळा मोजतात. एवढं केलंत तर घरातल्या वादात तुमच्याकडे मत सोडून काहीतरी असेल.

आता पाणाड्याकडे वळू. माझ्या पाहण्यातले बहुतेक पाणाडे फसवणारे नाहीत. कित्येक जण पैसे घेत नाहीत. नारळ, टॉवेल, टोपी यावर भागतं. काही जण पायाळू (जन्मताना पाय आधी बाहेर आलेले) म्हणून लहानपणापासून लोकांनी या कामाला लावलेले असतात. हातात नारळ हलतो तेव्हा तो आपण हलवतोय असं त्यांना खरोखरच वाटत नाही. तुमच्या मनात "लबाड" हा शब्द असेल तर तो काढून टाका. तो चुकीचा आहे, आणि शिवाय त्याने तुमची शंका आळशी होते. माणूस लबाड ठरवला की पुढे विचार करायचं कामच उरत नाही.

हाताचं कोडं तर पावणेदोनशे वर्षांपूर्वीच बऱ्यापैकी सुटलं. १८५३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये टेबल फिरवण्याचं खूळ आलं होतं. चार-सहा जण टेबलावर हात ठेवून बसायचे, टेबल आपोआप सरकायला लागायचं, आणि ते आत्म्यांचं किंवा विजेचं काम आहे असं लोक मानायचे. शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी टेबलावर पुठ्ठ्यांचे थर ठेवले, मध्ये मऊ डिंकासारख्या लुकणाचे ठिपके लावले, आणि वर लोकांना हात ठेवायला सांगितलं. यातली खुबी बघा. टेबल आपोआप सरकत असेल तर खालचे पुठ्ठे आधी सरकणार आणि हात मागून ओढले जाणार. हात ढकलत असतील तर वरचा पुठ्ठा पुढे गेलेला दिसणार. वरचाच पुढे गेलेला दिसला. मग त्यांनी एक हलकी काडी अशी जोडली की हाताने किंचित जरी ढकललं तरी ती कलावी, आणि ती बसणाऱ्यांना दिसेल अशी ठेवली. ती दिसू लागताच टेबल हलायचं थांबलं. कोणी लबाडी करत नव्हतं. मनात अपेक्षा असली की स्नायू आपल्या नकळत बारीक हालचाल करतात, एवढंच. काही पाणाडे नारळाऐवजी वापरतात ती दुबेळकी फांदी तर दोन्ही हातांनी ताणून अशी धरलेली असते की मनगट जरासं वळलं तरी ती फटकन खाली यावी. नारळाचंही तेच. तळहात किती कलला हे आपलं आपल्याला कळत नाही.

फॅरडे यांनी लोकांना खोटं म्हटलं नाही आणि आत्मे असतात का यावर वादही घातला नाही. दोन शक्यता वेगळ्या दिसतील अशी मांडणी केली आणि पुठ्ठ्याला बोलू दिलं. मला विचाराल तर शंका म्हणतात ती हीच.

पण एक गोष्ट उरते. हात नकळत हलतो हे मान्य. पण तो योग्य जागीच का हलू नये? पाणाड्या जन्मभर त्याच शिवारात हिंडलेला असतो. ओढा कुठून वळतो, सखल भाग कुठला, कुणाच्या विहिरीला मेपर्यंत पाणी असतं, उंबर कुठे हिरवागार उभा आहे, हे सगळं त्याच्या डोळ्यांत आहे. झाडं आणि वारुळं यांवरून पाण्याचा अंदाज बांधायची रीत आपल्याकडे जुनी आहे. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातल्या बृहत्संहितेत दकार्गल नावाचा अख्खा अध्याय यावर आहे. त्यातला प्रत्येक नियम मी मानत नाही, पण बारमाही ओल लागणारं झाड हा चांगला संकेत आहे आणि तो मीही वापरतो. तेव्हा पाणाड्याच्या जागा अंदाजपंचे निवडलेल्या जागांपेक्षा थोड्या बऱ्या निघाल्या तर मला आश्चर्य वाटणार नाही. ते श्रेय नारळाचं की डोळ्यांचं, हा पुढचा प्रश्न, आणि तो सोडवता येतो. शेतात त्याने पाच जागा दाखवल्या की त्यांची मोजून नोंद करायची, खुणा पुसायच्या, त्याचे डोळे बांधायचे, हाताला धरून वेगळ्या दिशेने पुन्हा तेच शेत चालायला लावायचं. पाणी जिथे होतं तिथेच आहे. नारळाला कळत असेल तर पुन्हा त्याच पाच जागा यायला हव्यात.

अशा चाचण्या मोठ्या प्रमाणावर झाल्यात, हे तुमच्या भावाला सांगा. १९९० साली जर्मनीत कासेल इथे तीस पाणाड्यांची परीक्षा झाली. अर्धा मीटर खोल पुरलेला पाइप, त्यातून पाणी सोडायचं किंवा बंद करायचं, आणि आत्ता पाणी वाहतंय की नाही एवढंच पाणाड्याने सांगायचं. चाचणी आपल्याला मान्य आहे असं सगळ्यांनी आधीच सांगितलं होतं, आणि आपण शंभर टक्के बरोबर येऊ अशी त्यांची खात्री होती. निकाल नाणं उडवल्यासारखा लागला.

त्याआधीची म्युनिकजवळची चाचणी मला जास्त शिकवणारी वाटते. १९८७-८८ साली सरकारी पैशातून ती झाली. सुमारे ५०० इच्छुकांतून ४३ जण निवडले. एका दुमजली कोठारात खालच्या मजल्यावर पाण्याचा पाइप गाड्यावर ठेवून दहा मीटरच्या रेषेवर इकडून तिकडे हलवायचा, आणि वरच्या मजल्यावरून पाणाड्याने तो कुठे आहे ते सांगायचं. अशा ८४३ चाचण्या झाल्या. प्रयोग करणारे हान्स-डीटर बेट्झ आणि हर्बर्ट कोनिग हे भौतिकशास्त्रज्ञ होते. बहुतेकांना काही जमलं नाही, पण थोड्या जणांचं कौशल्य खरं दिसतंय, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पाणाडेवाले आजही या प्रयोगाचा दाखला देतात. पुढे जिम एनराइट या अमेरिकी शास्त्रज्ञाने तेच आकडे पुन्हा तपासले. त्याचा प्रश्न साधा होता. या निवडक लोकांनी काही न करता दर वेळी रेषेच्या मधोमध बोट ठेवलं असतं तर? उत्तर निघालं ते असं की त्यांच्यातला सगळ्यात चांगला पाणाड्या दहा मीटरमध्ये सरासरी चार मिलीमीटरने सरस ठरला, आणि उरलेले 'चांगले' मधोमध बोट ठेवणाऱ्याच्याही मागे पडले. चार मिलीमीटर! आपल्या बोअरचं भोक त्याच्या कित्येक पट रुंद असतं.

आकडे तेच, पण "कशाच्या तुलनेत" हे विचारल्यावर चित्र पालटलं. आणि हेही लक्षात घ्या की पहिला निष्कर्ष काढणारे शास्त्रज्ञच होते, पदव्या असलेले. त्यांचे आकडे उघडे होते म्हणून दुसऱ्याला ते तपासता आले. आपली आपण घेतलेली शंका फारशी पुरत नाही. आपल्यावर शंका घेणाऱ्या दुसऱ्या माणसाची सोय करावी लागते.

इथवर तुम्ही खूश झाला असाल. आता जरा तुमच्याकडे येतो. तुमच्या प्रश्नात शेवटी एक वाक्य होतं: "त्यापेक्षा जमिनीखालचं पाणी दाखवणारं मशीन आणावं असं मी बाबांना सांगितलंय." हे मशीन म्हणजे नेमकं काय, हे तुम्ही विचारलंत का? सध्या मोबाइलवर रंगीत नकाशा काढून "हे निळं म्हणजे पाणी" सांगणारे एजंट गावोगाव फिरतायत. नारळावर घेतली तेवढीच शंका त्या निळ्या रंगावर घेतली नाही, तर तुमची शंका नारळावर नसून नारळवाल्याच्या धोतरावर आहे.

माझ्या पद्धतीबद्दलही सांगतो. आम्ही विद्युतरोध मोजतो. चार खुंट्या जमिनीत ठोकायच्या, बाहेरच्या दोनमधून वीज सोडायची, आतल्या दोनमध्ये दाब मोजायचा, आणि बाहेरच्या खुंट्या लांब लांब नेत खालच्या थरांचा अंदाज घ्यायचा. कोरडा पाषाण विजेला जोरात अडवतो, ओला मांजऱ्या कमी अडवतो. ऐकायला छान आहे. पण चिकणमाती आणि गेरूही कमीच अडवतात, आणि त्यांच्यातून पंपाला पाणी मिळत नाही. शिवाय एकाच आलेखाचे दोन-तीन अर्थ लागू शकतात. पातळ आणि फार ओला थर की जाड आणि कमी ओला, हे आलेख नेहमी सांगू शकत नाही. त्यातून आपल्या पाषाणात बऱ्याच भेगा उभ्या असतात आणि बोअरही उभाच. भेग हातभर लांबून निघून गेली तर बोअर कोरडा, शेजारचा ओला. म्हणून "शंभर टक्के पाणी" असं सांगणाऱ्या भूवैज्ञानिकाला चहा पाजून परत पाठवा. जो म्हणेल "मुरूम इतक्या फुटांपर्यंत असावा, अमुक ते अमुक फुटांत मांजऱ्या लागावा, नाही लागला तर तिथेच थांबा," त्याला ठेवून घ्या. त्याने चुकायची जागा स्वतःहून दाखवलीय.

हे तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तरही आहे, शंका कुठवर घ्यायची त्याचं. "काय दिसलं तर मी माझं मत बदलेन" हे आधी सांगता येतंय तोवर शंका जिवंत आहे. सांगता येत नसेल तर ती हट्ट झालीय, मग ती नारळाच्या बाजूची असो की विरुद्ध बाजूची. हट्टी शंका आमच्या पेशातही पुष्कळ झाली. तुमच्यापासून फार लांब नसलेलं लोणारचं सरोवर घ्या. पावणेदोन-दोन किलोमीटर व्यासाचा गोल खड्डा, बेसॉल्टमध्ये. तो ज्वालामुखीचा किंवा जमीन खचून झालेला, असंच भूवैज्ञानिक दीर्घकाळ मानत होते. ते अगदीच गैर नव्हतं. सगळा प्रदेश लाव्ह्याचा, मग खड्डाही त्यातलाच असणार. अमेरिकेतल्या उल्काविवराशी त्याचं साम्य आहे हे १८९६ सालीच कोणी तरी नोंदवलं होतं, पण दिसण्यातलं साम्य हा पुरावा पुरेसा नव्हता. मग तळात बोअर घेतले गेले, आणि प्रचंड आघाताखेरीज तयार न होणारी काच तिथल्या खनिजांत सापडली. १९७३ मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि लोणार अशनीच्या आघाताने झालं हे स्वीकारलं गेलं. साम्यावर भुलले नाहीत हे बरोबर, आणि काच दिसल्यावर मत बदललं हेही बरोबर.

पाणाड्याच्या बाबतीत माझं मत कशाने बदलेल? डोळे बांधून, जागा अनोळखी, निकष आधी लिहून दोन्ही बाजूंना मान्य, आणि पुरेशा वेळा. पुण्यात जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ मध्ये ज्योतिषाची केलेली चाचणी या बाबतीत नमुनेदार आहे. हुशार मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर अशा पत्रिका मिसळल्या, प्रत्येक ज्योतिषाला चाळीस दिल्या, कुठली कोणती ते ओळखायला सांगितलं. सत्तावीस जणांची उत्तरं आली, सरासरी ४६ टक्के बरोबर. नियम आधीच जाहीर होते, त्यामुळे नंतर गाडी दोन फूट सरकली म्हणायला जागा नव्हती. असं काही पाणाड्यांसाठी कोणी केलं आणि ते लक्षणीय फरकाने उत्तीर्ण झाले, तर मी स्वतः नारळ आणीन. तोवर कासेल आणि म्युनिकचे निकाल माझ्यासमोर आहेत, आणि दर वेळी पाटी कोरी करून मी बसत नाही. मन मोकळं ठेवणं म्हणजे झालेलं काम विसरणं नव्हे.

आता तुमच्या शेताचं. शेत मला दिसलेलं नाही, तेव्हा पुढचं बरंच तिथल्या परिस्थितीवर अवलंबून आहे. शेत ओढ्याकाठी, सखलात असेल आणि आसपासच्या विहिरी मेपर्यंत टिकत असतील, तर जागा कोणी दाखवली याने फार फरक पडणार नाही. वडिलांच्या समाधानासाठी नारळाची जागा घेतलीत तरी चालेल. शेत टेकाडावर असेल, दोन-तीन जागांतून एकच निवडायची असेल आणि कर्ज काढून बोअर घेणार असाल, तर मात्र आधी मोजमाप करून घ्या. तिसरी शक्यता अशी की बोअर नकोच. विहिरीच्या भिंतीत पाझराची ओळ दिसत असेल तर त्या पातळीला आडवे बोअर घेणं कधी कधी जास्त कामाचं ठरतं. आणि शिवारात आधीच बोअरची दाटी असेल, तर नवा बोअर बहुधा शेजाऱ्याचंच पाणी ओढेल, मग नारळ बरोबर होता की भूवैज्ञानिक, या प्रश्नाला अर्थ उरत नाही.

वडिलांशी बोलताना "हे थोतांड आहे" ने सुरुवात करू नका. चाळीस वर्षं शेती केलेल्या माणसाला ते झोंबणारच, आणि त्यांच्याजवळ चार बोअर आहेत, तुमच्याजवळ एकही नाही. त्याऐवजी त्यांनाच विचारा की भावकीतला तो चौथा कोरडा का गेला असेल, आणि बाकीच्या तिघांचं पाणी मागच्या मेमध्ये किती होतं. ते शेतकरी आहेत, पाण्याचा हिशोब त्यांना तुमच्यापेक्षा चांगला येतो. फक्त तो या बाबतीत कोणी मागितलेला नाही. मग पाणाड्याला जरूर बोलवा. गाडी यायच्या आधी त्याची जागा, किती फुटांवर पाणी, किती इंच, मेमध्ये किती राहील, हे त्याच्याच तोंडून ऐकून वहीत लिहा आणि त्याला वाचून दाखवा. भूवैज्ञानिक बोलावलात तर त्याचंही तसंच, त्याच पानावर. बोअर कोणाच्याही जागी घ्या, पण मारताना दर दहा फुटांना बाहेर येणारा चुरा प्लास्टिकच्या पिशवीत भरून वर खोली लिहून ठेवा. गाडीवाला कुरकुर करेल, त्याला चहा द्या. त्या पिशव्या आणि मेमधलं मोजमाप माझ्याकडे पाठवलंत तर पुढचा बोअर घ्यावा की नाही हे मी तुम्हाला आजच्यापेक्षा बरंच खात्रीने सांगू शकेन.